दारू हाजिर हो!

तालुक्याच्या कोर्टात वकिलाचं निम्मं आयुष्य थांबण्यात जातं. साक्षीदार आला नाही, थांबा. लाइट गेली, थांबा. साहेब जिल्ह्याला मीटिंगला गेले, थांबा. आणि चार वकील एका खोलीत रिकामे बसले की दुसरं काय होणार? आधी चहा येतो आणि चहाच्या मागोमाग किस्से येतात. निकाल लागला की फाइल रेकॉर्ड रूमला जाते. किस्सा मात्र बार रूममध्येच राहतो आणि दरवर्षी थोडा थोडा अंगानं भरत जातो!

मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं चालवते. कुठला तालुका ते विचारू नका, उद्या मला तिथंच उभं राहायचंय. फौजदारी म्हटलं की पाहुण्यारावळ्यांना वाटतं, खून आणि दरोडे! आमच्याकडं तसलं क्वचित. आमच्याकडं रोज येतं ते एक वाक्य. मारामारी असो, कुणाचं कुंपण उपटलेलं असो, ग्रामसभेत खुर्ची फेकलेली असो, आरोपी पिंजऱ्यात उभा राहतो, हात जोडतो आणि म्हणतो,

"साहेब, मी नशेत व्हतो!"

झालं. त्याचं काम संपलं. आता पुढचं साहेबांनी थेट दारूशी बोलून घ्यावं!

*

माझे सीनियर म्हणजे आण्णा. केस पिकले, कोट विटला, पण आवाज अजून खणखणीत. कायदा बदलला, कलमांचे नंबर बदलले, तरी आण्णा जुनेच नंबर सांगतात. "नंबर बदलले पोरी, पेनारे तेच हायेत," असं त्यांचं म्हणणं. त्यांची सगळी प्रॅक्टिस या एका वाक्यावर उभी. ते स्वतःच सांगतात, "लोक शुद्धीत वागले असते ना, तर मी उपाशी मेलो असतो!"

मी त्यांच्याकडं ज्युनियर म्हणून लागले तेव्हाची गोष्ट. वाटूरकडचा एक पक्षकार आला होता. त्यानं चुलतभावाच्या लग्नाच्या मांडवात ट्रॅक्टर घातला होता. नवरदेव वाचला, आचारी वाचला, बुंदीची कढई गेली. पक्षकाराचं म्हणणं एकच, "आण्णा, ते काय मी केलं का? दारूनं केलं."

आण्णांनी त्याला कायदा समजावला. कायदा असा, की तुम्ही आपल्या मर्जीनं प्यालात, तर पुढं जे होईल ते तुमच्या नावावर. आता हे शेतकऱ्याला कसं सांगायचं? आण्णा म्हणाले,

"हे बघ, दावं कुनी सोडलं? तू सोडलं. बैल लोकाच्या वावरात शिरला. मंग भरपाई कोन देनार? बैल देनार का?"

पक्षकारानं मान डोलावली. त्याला पटलेलं दिसत होतं. आण्णांनी माझ्याकडं विजयी नजरेनं पाहिलं. बघ, असं समजवायचं असतं!

मग तो हळूच म्हणाला, "तुमचं बराबर हाय आण्णा. पर त्या दिवशी बैल माझा नव्हता ना."

"मंग कुनाचा व्हता?"

"मेव्हन्याचा. पाजली त्यानं!"

*

हल्लीचे आमचे जज्जसाहेब कोकणातले. माणूस सज्जन, मराठी अगदी छापील. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासमोर एक शेळीचोर आला. साहेबांनी गुन्हा वाचून दाखवला आणि विचारलं, "तुम्ही शेळी चोरलीत का?"

तो म्हणाला, "साहेब, नेल्या गेली."

साहेब गोंधळले. "कोण गेली?"

"शेळी."

"गेली म्हणजे? मेली?"

"न्हाई साहेब. जित्ती हाय. नेल्या गेली."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठून सांगितलं, "सर, आमच्या भागात 'केलं' असं सहसा म्हणत नाहीत. 'केल्या गेलं' म्हणतात. मारलं नाही, मारल्या गेलं. तोडलं नाही, तोडल्या गेलं."

"म्हणजे वाक्यात कर्ताच नाही?"

"कर्ता असतो सर. लाजतो!"

साहेब हसले नाहीत. परत आरोपीकडं वळले. "ठीक आहे. शेळी नेली गेली. कोणाकडून नेली गेली?"

"दारूकून, साहेब. मी नशेत व्हतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अस्सं. मग आरोपी तुम्ही नाहीतच. बोलवा त्या दारूला."

आता साहेब हे थट्टेनं म्हणाले. पण दारात शेख चाचा उभे होते. चाचा आमचे शिपाई, पुकारा करायचं काम त्यांचं. कानानं जरा अधू, गळ्यानं मात्र अजून पंचविशीतले. त्यांना वाटलं असेल आडनाव. ते व्हरांड्यात गेले, तोंडाशी हात धरला आणि रीतसर तीनदा पुकारा केला,

"दारूऽऽ हाजिर होऽऽ!"

तिसऱ्या पुकाऱ्याला व्हरांड्यातून तिघंजण आत आले. एकानं तर टोपी काढून साहेबांना नमस्कारही घातला!

*

त्या दिवसापासून साहेबांनी हट्टच धरला. आरोपीचा जबाब घेताना "केल्या गेलं" चालणार नाही. "मी"पासून वाक्य सुरू करा! आण्णा म्हणाले, "पोरी, ह्या मानसाची लवकर बदली व्हनार." पण मला मनातून साहेब आवडायला लागले होते. कारण खरं सांगते, त्या "गेलं"चा मलाही राग येतो. पिणाऱ्याची नशा सकाळी उतरते. ज्याचा पाय मोडतो त्याच्या मांडीतला रॉड काही सकाळी उतरत नाही!

हे मी उगाच म्हणत नाही. भास्करची केस माझ्याकडंच होती.

भास्करचं वडीगोद्रीला हायवेच्या कडेला टायरचं दुकान. त्याचे सासरे तात्या, वाटूरचे, घरची मोसंबीची बाग. एका सकाळी वाटूर फाट्याजवळ तात्या रस्त्याच्या कडेनं पायी चालले होते. मागून मोटारसायकल आली आणि तात्यांना घेऊन आडवी झाली. मोटारसायकलवर कोण? जावई! तात्यांच्या मांडीचं हाड मोडलं. पोलिसांना भास्कर पुढच्या धाब्यावर सापडला, झुलत. रक्तात दारू निघाली. बेदरकार गाडी चालवणं, जबर दुखापत, दारू पिऊन गाडी चालवणं, अशी सगळी कलमं लागली.

घरातलंच प्रकरण, त्यामुळं सगळे तडजोडीच्या मागे लागले. दुखापतीच्या कलमाला तडजोड चालते, कोर्टाची परवानगी लागते एवढंच. साहेबांनी तात्यांना विचारलं, "काका, मिटवायचं आहे का?"

तात्या काठीवर भार देऊन उभे राहिले. "मिटवतो साहेब. मला त्याचं काही नको. त्यानं फकस्त माझ्याकडं बघून म्हनावं, 'तात्या, मी तुम्हाला धडकलो.' बस."

किती सोपी अट! मी भास्करला खूण केली. भास्कर पुढं झाला, हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाला,

"तात्या, धडकल्या गेलं. दारूनं घात केला."

तात्यांनी काठी उचलली आणि टक टक करत बाहेर निघून गेले. जाताना दारात उभ्या असलेल्या आपल्या लेकीला एवढंच म्हणाले, "ह्यो 'मी' म्हनत न्हाई तवर माझ्या उंबऱ्याला दोघांनी बी पाय लावायचा न्हाई."

ती लेक म्हणजे सुनीता. तिच्या तोंडाकडं मला बघवेना.

*

कायद्यात एक बारीकशी फट आहे. कुणी तुम्हाला नकळत पाजली किंवा बळजबरीनं पाजली, आणि आपण काय करतोय हेच तुम्हाला कळत नव्हतं, तर माफी मिळू शकते. आण्णांनी एकदा हे एका पक्षकाराला चहाच्या टपरीवर मोठ्यानं सांगितलं. चूक झाली! पुढच्या आठवड्यापासून आमच्या तालुक्यात आपल्या मर्जीनं पिणारा माणूसच उरला नाही. जो तो बळजबरीनं पाजलेला.

त्यातला एक आष्टीचा. भर बाजारात त्यानं भेळवाल्याचा गाडा उलटवला होता. साहेबांनी विचारलं, "कोणी पाजली?"

"चौघा दोस्तांनी साहेब. धरून पाजली. बिलकुल ऐकलं न्हाई."

"हात धरले होते?"

"दोघांनी हात धरले, एकानं नाक दाबलं, एकानं वतली."

साहेब गंभीर झाले. एवढा तपशील म्हणजे खरं असू शकतं! त्यांनी पेन उचललं. "किती पाजली?"

आरोपी खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "पहिला ग्लास बळजबरीनं, साहेब."

"आणि नंतरचे?"

"नंतरचे मंग, त्यांला वाईट वाटू न्हाई म्हनून."

*

आण्णांचा स्वतःचा सगळ्यात मोठा पराभवही याच वाक्यानं झाला. खताच्या दुकानाचं कुलूप उघडून आत शिरल्याची केस. आण्णांनी त्या दिवशी असं आर्ग्युमेंट केलं, की आम्ही ज्युनियर टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. त्यांचं म्हणणं असं, की आपला पक्षकार इतका प्यालेला होता, इतका, की त्याला आपलं दार कुठलं आणि लोकाचं कुठलं तेच कळत नव्हतं. बिचारा आपल्या घरी समजून आत गेला! मग चोरीचा हेतू आला कुठून? शिक्षा द्यायचीच तर कमीत कमी द्यावी.

सरकारी वकील उठले. त्यांनी शांतपणे विचारलं, "एवढी शुद्ध नव्हती, तर तारेच्या एका तुकड्यानं कुलूप उघडलं कसं? कुलपावर साधा ओरखडासुद्धा नाही! आणि जाताना परत लावलं कसं?"

आण्णा उत्तर द्यायला उठणार, तोच पिंजऱ्यातून त्यांचा पक्षकार बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण कुणीतरी आपल्या कामाची दखल घेतली, म्हणून त्याला राहवलं नाही!

"साहेब, तेच तर हाय. पेल्यावर माझा हात लई साफ चालतो. बिगर पेल्याचा थरथरतो."

आण्णा उठता उठता परत खाली बसले. साहेबांनी विचारलं, "आण्णासाहेब, अजून काही?"

आण्णा म्हणाले, "न्हाई साहेब. पक्षकारानंच समदं मांडलं."

*

एक छोटा किस्सा चाचांचा सांगते. बसस्टँडमागं एका तरुणाला पोलिसांनी पकडलं, एसटीची काच फोडली म्हणून. शेजारी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग. ही नवी नशा. तो म्हणे, "नशा न्हाई साहेब, खोकला हाय. औषध जरा जास्त झालं."

जामिनाच्या अर्जावर त्याचा वकील बोलत होता आणि मागं हा खोकत होता. असा खोकत होता, की साहेबांनी पाणी द्यायला सांगितलं. पाणी प्याला, परत खोकला. वकिलाचं अर्धं म्हणणं खोकल्यातच बुडालं. शेवटी साहेब म्हणाले, "जामीन मंजूर."

कोर्टात चिडीचूप! पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "खोकल्याचं काय झालं?"

"गेला, साहेब."

दारातून चाचा म्हणाले, "डॉक्टर लोगां बेकार बाटल्या लिखतेत. सीधा जामीन लिखना!"

*

नव्या कायद्यात एक चांगली गोष्ट आली आहे, सामुदायिक सेवा. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला, तर साहेब जेलऐवजी समाजाचं काम सांगू शकतात. आमच्या साहेबांना ही कल्पना फार आवडली. पहिला मान मिळाला बबनला. बबन म्हणजे बसस्टँडवर रोज झिंगून आडवा होणारा गडी. त्याला स्टँडचं आवार झाडायची शिक्षा झाली.

आम्हाला वाटलं, हा कसला झाडतोय! पण बबननं झाडलं. असं झाडलं, की स्टँडवर बाया रांगोळी काढतील! शिक्षा संपली तरी हा रोज झाडून राह्यला. दारूही सुटली. साहेब खूश, आम्ही खूश. आण्णा तेवढे नाराज. "गिऱ्हाइक गेलं," म्हणाले.

थोड्याच दिवसांत बबन परत पिंजऱ्यात! आम्ही चाटच पडलो. झालं होतं असं, की एक दारुडा नेमका बबननं झाडलेल्या जागेवर येऊन लोळला आणि बबननं त्याला खराट्यानं बडवला.

साहेबांना फार वाईट वाटलं. "बबन, पुन्हा प्यायलास?"

"न्हाई साहेब! बिलकुल न्हाई! शुद्धीत बडवला."

"मग का बडवलास?"

बबनच्या डोळ्यांत पाणी आलं. "शुद्धीत व्हतो म्हनूनच ना साहेब! पेलो असतो, तर त्याच्या बाजूलाच झोपलो असतो."

*

इकडं भास्करची केस तारखा खात होती. प्रत्येक तारखेला सुनीता यायची. दोन डबे घेऊन. व्हरांड्यात एक लांब बाकडं आहे, त्याच्या एका टोकाला तात्या बसायचे, दुसऱ्या टोकाला भास्कर. मधी सुनीता. मधल्या सुट्टीत ती एक डबा इकडं सरकवायची, एक तिकडं. दोन्ही डब्यांत तीच भाजी, त्याच भाकरी. दोघं एकमेकांकडं पाठ करून जेवायचे. चाचा म्हणायचे, "ये बाकडा नहीं, सरहद है!"

दोन दिवाळ्या गेल्या. सुनीता माहेरी गेली नाही. एकदा तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "वकीलबाई, एक शब्द म्हनायला मानूस एवढं का घाबरतं हो?" मला भास्करचाच राग आला. बरं, माणूस वाईट नाही. तात्यांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात रक्त द्यायला हाच आधी पोचला होता. "मी" म्हणायचं तेवढं जमत नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, याला शिकवायचं. आरोपीच्या जबाबाच्या तारखेला सकाळीच त्याला बार रूममध्ये बसवलं. म्हटलं, "म्हण. मी धडकलो."

"मी," तो म्हणाला. मग घाम पुसला. "वकीलबाई, मी... धडकल्या..."

"गेलं नाही! 'गेलं' शब्द आज तोंडातून काढायचा नाही!"

"मंग दारूचं काय म्हनू?"

"दारूचं साहेब विचारतील तेव्हा हो म्हण. रक्तात सापडलीच आहे, दंड होईल. तू आधी तुझं म्हण."

आण्णा शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "पोरी, बैलाला 'मी' म्हनायला शिकवू नको. खाली बसंल तो."

पुकारा झाला. भास्कर पिंजऱ्यात उभा राहिला. तात्या समोरच्या बाकावर, हनुवटी काठीवर टेकवून. दारात सुनीता, हातात दोन डबे. साहेबांनी विचारलं, "बोला. काय झालं होतं?"

भास्करनं साहेबांकडं पाहिलंच नाही. तो तात्यांकडं बघत होता. मग म्हणाला,

"तात्या, मी तुम्हाला धडकलो."

काय सांगू, माझ्याच अंगावर काटा आला! सुनीतानं डबे छातीशी धरले. तात्यांनी हनुवटी काठीवरून उचलली. साहेबसुद्धा जरा खुशीत आले. इतक्या दिवसांनी त्यांच्या कोर्टात एक कर्ता आला होता! पुढचं आता नुसतं पार पाडायचं, म्हणून त्यांनी विचारलं, "आणि त्या वेळी तुम्ही दारू प्यायलेले होतात, हे कबूल?"

"न्हाई."

मी भास्करच्या बाहीला झटका दिला. त्यानं हात सोडवून घेतला.

साहेबांनी कागद उलटला. "नाही कसं? तुमच्या रक्तात सापडली आहे."

"ती नंतरची हाय साहेब. धडकलो तवा मी पेल्तोच न्हाई. मोबाइल पाहून राह्यल्तो. तात्या दिसलेच न्हाईत. खाली पडले तसा पळत गेलो, त्यांला उचलून कडंला सावलीत बसवलं, लोकांला हाका मारल्या. लोक आले. मंग मी धाब्यावर गेलो आन् घटाघटा पेलो."

"पण का?"

भास्कर मान खाली घालून पिंजऱ्याच्या लाकडावर नख घासत होता. "साहेब, नशेत व्हता म्हनलं की लोक म्हनतात, जाऊ द्या, दारू वाईट. शुद्धीत सासऱ्याला उडवलं म्हनल्यावर वडीगोद्रीपासून वाटूरपर्यंत मी तोंड कुठं दाखवू?"

दोन वर्षं मी ज्याला वाचवत होते, त्या माणसानं माफी मिळावी म्हणून आपल्याच डोक्यावर एक जादा कलम ओढवून घेतलं होतं! आण्णा माझ्या कानाशी वाकून पुटपुटले, "चाळीस वर्सं झाली पोरी. 'शुद्धीत व्हतो' म्हननारा पयलाच पाहून राह्यलो."

साहेब तात्यांकडं वळले. "काका, त्यांनी तुम्हाला उचललं तेव्हा तुम्हाला दारूचा वास आला होता का?"

"न्हाई साहेब."

"नक्की?"

"नक्की. त्यानं त्या दिवशी फकस्त च्या पेल्ता. माझ्याच घरी. मी बागंकडं फुडं निघालो तवा त्याला म्हनलं बी व्हतं, सावकाश जा."

"मग हे तुम्ही पोलिसांना सांगितलं का नाही? इतके दिवस गप्प का बसलात?"

तात्या काठी टेकत उभे राहिले. भास्करकडं एकदा पाहिलं, मग साहेबांकडं. "जावयाची अब्रू हाय साहेब. म्या कशी काढावी?"

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. बराच वेळ पुसला. मग स्टेनोला म्हणाले, "लिहा. या प्रकरणात दारू निर्दोष आहे." स्टेनो लिहायला लागली, तेव्हा म्हणाले, "हे नका लिहू."

पुढं कोर्टाच्या रीतीनं जे व्हायचं ते झालं. दारूचं कलम टिकलं नाही. तात्यांच्या पायाचं साहेबांनी तडजोडीत मिटवू दिलं. गाडी बेदरकार चालवल्याचं तेवढं उरलं, त्याला दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. म्हणजे संध्याकाळी साहेब खुर्चीवरून उठेपर्यंत आरोपीनं कोर्टातच बसून राहायचं. चाचांनी भास्करला मागच्या बाकावर बसवलं आणि हात पुढं केला. "मोबाइल इधर."

मधली सुट्टी झाली. सगळे बाहेर गेले. भास्करला उठता येत नव्हतं. सुनीता दारातच घुटमळत होती, कुठला डबा कुठं न्यावा तिला कळेना. तेवढ्यात तात्या उलटे फिरले. टक टक करत मागच्या बाकापाशी गेले, काठी भिंतीला लावली आणि जावयाच्या शेजारी बसले. कोर्टात डबा उघडायला सक्त मनाई आहे, चाचा त्याबद्दल वकिलांनासुद्धा सोडत नाहीत. त्या दिवशी चाचांनी दाराकडं तोंड केलं आणि बाहेरच्या रिकाम्या व्हरांड्यावर कडक नजर ठेवली.

सुनीतानं एकच डबा उघडला. दोघांनी त्यातनंच खाल्लं. जेवण संपता संपता तिनं धीर करून विचारलं, "तात्या, ह्या दिवाळीला येऊ का?"

"ये की."

"ह्यांना?"

तात्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा जावयापुढं सरकवला.

"आन त्यांला बी," ते म्हणाले. "पर एसटीनं या!"